बेंचरेस्टचा पहिला सेट : २५ मीटरसाठी काय घ्यावं, कोणत्या क्रमाने घ्यावं

झेरॉक्सच्या कागदाचं एक पान बोटांत धरा. जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. बेंचरेस्ट नेमबाजीत रायफल दोन आधारांवर टेकवलेली असते, एक पुढे आणि एक मागे, आणि त्या दोहोंत साधारण ६० सेंटिमीटर अंतर असतं. पुढचा आधार त्या एका पानाइतका वर सरकला, तर २५ मीटरवरच्या लक्ष्याच्या कार्डावर पेलेट, म्हणजे एअर रायफलीचा शिशाचा छर्रा, चार मिलिमीटर वर लागतो. पेलेट स्वतः साडेचार मिलिमीटरचा. एका पानाच्या जाडीने नेम जवळजवळ अख्खा पेलेटभर चुकतो.

हा हिशेब आधी मांडतो, कारण पुण्यात नव्याने या खेळाकडे वळणारे बहुतेक जण मला "कुठली रायफल घेऊ?" एवढंच विचारतात. टेबलाबद्दल कुणी विचारत नाही. रेस्टबद्दल, म्हणजे रायफलीच्या पुढच्या आधाराबद्दल, फार थोडे विचारतात. खरं तर तुम्ही जे विकत घेताय ते एकच आहे: प्रत्येक शॉटनंतर रायफल पुन्हा त्याच जागी, त्याच कलाने परत यायला हवी. टेबल, रेस्ट, मागच्या आधाराची वाळूची पिशवी, रायफल, दुर्बीण हे सगळं त्या एका कामासाठी. त्यातली एक कडी ढिली असली की बाकीच्या कड्यांवर घातलेले पैसे पाण्यात.

आधी खेळ कुठला ते ठरवा

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर ऑलिंपिक येतं. स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, आणि त्यांची तयारी बालेवाडीत झाली, त्यामुळे पुण्यात तर हे चित्र आणखी पक्कं झालं. त्या प्रकारात रायफलीचा आधार म्हणजे नेमबाजाचं शरीर. गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभं राहून ती स्थिर ठेवायची. बेंचरेस्ट वेगळा आहे. इथे टेबलाशी स्टुलावर बसायचं, रायफल रेस्टवर ठेवायची, आणि शरीराचा तिला जितका कमी स्पर्श होईल तितकं चांगलं. ताकदीचा, वयाचा प्रश्न फारसा येत नाही. साठीनंतर सुरू करून नेटाने खेळणारे लोक या खेळात जगभर आहेत. मात्र वारा ओळखणं, सामानाची निगा आणि हाताचा हलकेपणा यांची इथे अगदी कसून परीक्षा होते.

जगात या खेळाचा जुना आणि मोठा प्रकार म्हणजे काडतुसांच्या रायफलींचा, १०० आणि २०० यार्डांवरचा. पाच गोळ्या एकाच ठिकाणी मारायच्या आणि त्यातल्या सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत, मोजायचं. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी रशियन .२२० काडतुसाच्या कवचावरून ६ पीपीसी नावाचं काडतूस तयार केलं आणि या प्रकारात आजही त्याचाच दबदबा आहे. त्याबद्दल वाचायला सुरुवात केली की माणूस त्यात हरवतो. पण पुण्यातल्या नवख्याने तिथून सुरुवात करू नये. त्याला शस्त्रपरवाना हवा, मोठी रेंज हवी, आणि प्रत्येक काडतूस हाताने भरण्याची सगळी विद्या हवी.

आपल्यासाठी खरा दरवाजा आहे तो २५ मीटर एअर रायफल बेंचरेस्टचा. वर्ल्ड रिमफायर अँड एअर रायफल बेंचरेस्ट फेडरेशनच्या नियमांत याचे दोन मुख्य वर्ग आहेत. लाइट व्हार्मिंटमध्ये दुर्बिणीसकट रायफलीचं वजन जास्तीत जास्त ४.७६२ किलो आणि ऊर्जा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल. हेवी व्हार्मिंटमध्ये वजन ६.८०३ किलोपर्यंत आणि ऊर्जा २० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २७ ज्यूल. एका कार्डावर २५ चक्रं असतात, प्रत्येकावर एकच मोजायचा शॉट, पूर्ण गुण २५०. त्याच कार्डावर वेगळी सराव-चक्रं असतात, त्यांच्यावर हवे तितके शॉट मारता येतात. या सराव-चक्रांचं महत्त्व पुढे येईल.

आता आपला कायदा बघा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे वन सेव्हन सेव्हन बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. यातली एकही मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. म्हणून दोन गोष्टी आपोआप ठरतात. टू टू बोअरची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची, एअर रायफल कितीही मऊ मारणारी असली तरी ती नको. आणि तुमचा वर्ग लाइट व्हार्मिंट, कारण त्याची १६.३ ज्यूलची मर्यादा कायद्याच्या मर्यादेच्या आत आरामात बसते. हेवी व्हार्मिंटची पूर्ण ऊर्जा बसत नाही. कुणी "थोडं ट्यूनिंग करून वेग वाढवून देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. स्पर्धेतही त्याचा उपयोग नाही आणि कायद्याच्या बाहेर मात्र जाल.

दुकानदार ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत मागेल, ती द्या, बिल जपून ठेवा. रायफल नेहमी बंद केसमधून न्या. आणि पक्ष्यांवर, कुत्र्यांवर, कशावरही "नेम बघायला" झाडायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी नाही.

टेबल : इथे कंजूषपणा नको

मी सुरुवात केली तेव्हा रायफल आधी घेतली आणि घरातलं घडीचं टेबल उचलून पौडजवळच्या एका मित्राच्या शेतावर नेलं. दोन महिने माझे शॉट बोटभर जागेत पसरत होते. मी पेलेट बदलले, दुर्बीण बदलायच्या बेतात होतो. एका सकाळी तिथे आलेल्या एका जुन्याजाणत्या नेमबाज काकांनी काही न बोलता स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरलं आणि टेबलावर ठेवलं. "आता नुसता कोपर टेकव," म्हणाले. मी टेकवला. पाण्यावर वलयं उठली. "गाल लाव." पुन्हा उठली. "तुझी रायफल त्या पाण्यावर तरंगतेय बघ." मग त्यांनी मला दुर्बिणीतून बघायला लावलं. ३२ पटीवर दुर्बिणीतली नेमाची फुली दर सेकंदाला किंचित उडी मारत होती. ती माझी नाडी होती, कोपरातून टेबलात आणि टेबलातून रायफलीत जाणारी.

तो पेला आजही माझ्या केसमध्ये असतो. कुठल्याही नव्या टेबलावर आधी तो ठेवतो.

कायमची जागा असेल तर आपल्याकडचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे कडप्पा. चार फूट बाय अडीच फूट, ३० मिलिमीटर जाडीची फरशी साधारण ७५ किलो भरते. ती विटांच्या तीन खांबांवर बसवा, दोन पुढे आणि एक मागे. तीन आधारांवर कुठलीही वस्तू डुगडुगत नाही, चारांवर डुगडुगते. खांब फरशीच्या कडेपासून थोडे आत घ्या, नाहीतर कडप्पा कोपऱ्याला तडकतो. स्वयंपाकघराचा ओटा घालणारा गवंडी हे अर्ध्या दिवसात करून देईल. फक्त त्याला सांगा की बसणाऱ्याच्या छातीसाठी मधोमध खाच हवी, आणि वरचा भाग पॉलिश नको, खरखरीत हवा.

जागा कायमची नसेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जाड प्लाय घ्या, १८ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून एक फळा करा, आणि त्याला बोल्टने काढता-घालता येणारे तीन पाय. पाय लोखंडी चौकोनी पाइपचे, थोडे बाहेर तिरके. गाडीच्या डिकीत मावतं. दोन्ही पुढच्या पायांमध्ये आडवी दांडी टाकून तिच्यावर वाळूच्या गोणीचं वजन दिलंत तर पेल्यातलं पाणी बरंच शांत होतं.

स्टूल टेबलाला टेकलेलं किंवा जोडलेलं नको. वेगळं, जड, आणि अशा उंचीचं की मान न वाकवता डोळा दुर्बिणीपाशी येईल.

रेस्ट आणि मागची पिशवी

पुढच्या रेस्टचं काम दोन गोष्टींचं. रायफलीचा पुढचा सपाट भाग, म्हणजे फोरएंड, एका ठरलेल्या चाकोरीत धरून ठेवायचा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे अगदी थोडं सरकवता यायला हवं. आयात केलेले रेस्ट उत्तम असतात, महागही असतात. पुण्यात आपल्याला एक सोय आहे जी इतर बऱ्याच गावांना नाही: भोसरीची औद्योगिक वसाहत. तिथल्या एखाद्या लेथवाल्याला १० मिलिमीटरच्या प्लेटचा त्रिकोणी पाया, तीन टोकदार पाय-बोल्ट आणि वर-खाली करणारा एक मधला स्क्रू एवढं चित्र काढून दिलं तर तो हसत करून देतो. मात्र स्क्रूबद्दल आग्रह धरा. साध्या एम-१० बोल्टचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. वर सांगितलेल्या हिशेबाने दीड मिलिमीटर म्हणजे कार्डावर सहा सेंटिमीटरहून जास्त. एवढ्या भरड स्क्रूवर एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाताना हात वेडा होतो. बारीक आट्यांचा, एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी पिचचा स्क्रू करून घ्या, आणि त्याला मोठी मूठ लावा. मूठ जितकी मोठी तितकी बोटांना बारीक हालचाल जमते.

रेस्टच्या डोक्यावर वाळूची छोटी पिशवी असते. ती फोरएंडच्या रुंदीला बरोबर बसेल अशी, दोन्ही बाजूंनी हलकेच धरणारी. घट्ट नको. रायफल पुढे-मागे सरकताना अडखळली नाही पाहिजे.

मागची पिशवी ससुल्यासारखी दोन कानांची. तिच्या कानांच्या मधल्या खोबणीत दस्त्याचा खालचा भाग बसतो. रविवार पेठेत बॅगा शिवणारे आणि चामड्याचं काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून शिवून घेता येते. खालचा भाग जाड चामड्याचा, कान मऊ पण न ताणणाऱ्या कापडाचे. त्यात भरायची वाळू धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून, बारीक चाळणीने चाळून घ्या. ओली वाळू पावसाळ्यात चामडं कुजवते. आणि पिशवी ठासून भरा. अंगठ्याने जोर लावून दाबली तरी जेमतेम दबली पाहिजे. पहिल्यांदा भरणारे सगळे ती उशीसारखी मऊ ठेवतात, मग रायफल दर शॉटला थोडी थोडी खाली बसत जाते आणि कार्डावर छिद्रं एकाखाली एक उतरत जातात. कार्डावर अशी उभी रांग दिसली तर रायफलीला दोष देण्याआधी पिशवी दाबून बघा.

दोन्ही पिशव्यांवर जिथे लाकूड घासतं तिथे चिमूटभर टाल्कम पावडर. रायफल लोण्यासारखी सरकते.

आता सगळं मांडलं की करायची चाचणी. रायफल रिकामी, दुर्बीण कार्डावर. फुली एका चक्राच्या मध्यावर आणा. मग रायफल हलक्या हाताने एक इंच मागे ओढा आणि पुढे ढकला. फुली सरळ रेषेत वर-खाली जाऊन परत त्याच बिंदूवर यायला हवी. ती तिरकी जात असेल, किंवा परत येताना दुसरीकडे थांबत असेल, तर मागची पिशवी आणि पुढचा रेस्ट एका सरळ रेषेत नाहीत. पिशवी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे सरकवून पुन्हा बघा. सुरुवातीला यात अर्धा तास जातो. जाऊ द्या. हा अर्धा तास म्हणजेच बेंचरेस्ट.

रायफल

जत्रेत फुगे फोडायला देतात ती स्प्रिंगची छऱ्याची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळलेली असते, म्हणून नवखा माणूस चांगल्या स्प्रिंग रायफलीकडेच वळतो. या खेळासाठी ती घेऊ नका. स्प्रिंग सुटताना पिस्टन आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला धक्का देतो, पेलेट अजून नळीतच असतो, आणि रायफल कशी टेकवलीय यावर नेम बदलतो. रेस्टवर ती कधीच नीट बसत नाही. वर त्या दुहेरी धक्क्याने साध्या दुर्बिणी खराब होतात त्या वेगळ्या.

पीसीपी घ्या, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. तिला धक्का जवळजवळ नसतो. आणि तिच्यात रेग्युलेटर हवा. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधला दाब २०० बारवरून उतरत गेला तरी प्रत्येक शॉटला हवा एकाच ठरलेल्या दाबाने सोडणारा छोटा भाग. तो नसेल तर वेग आधी चढतो, मग स्थिर राहतो, मग उतरतो. वेग उतरला की पेलेट खाली लागतो: २४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेगात ३ मीटरचा फरक पडला तर २५ मीटरवर दीड मिलिमीटर. सहाचा पडला तर तीन. रेग्युलेटर असलेली रायफल घेतल्यावर २५ शॉटचं एक कार्ड आणि सराव-शॉट मिळून किमान ५० ते ६० शॉट एका भरणीत एकाच वेगाने मिळतात का, हे दुकानातच विचारा.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, एअर आर्म्स अशा नावांच्या रायफली दिसतात. आपल्या देशात प्रेसिहोलसारख्या कंपन्याही पीसीपी बनवतात, आणि नवख्यासाठी देशी रायफलीचा मोठा फायदा म्हणजे ओ-रिंग किंवा सील गेलं तर ते आठवड्यात मिळतं. पहिली दोन वर्षं मी देशी रायफलच सुचवेन. त्या दोन वर्षांत तुमच्या हाताला काय हवंय ते कळतं, आणि मग महाग वस्तू घेताना पैसे चुकीच्या जागी जात नाहीत.

दुकानात रायफल हातात आली की मी हे बघतो. फोरएंडचा तळ सपाट आहे का, निदान त्याला सपाट पट्टी लावता येईल का. ट्रिगर दोन टप्प्यांचा आणि हलका करता येणारा आहे का. नवख्याने तो १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास ठेवावा, त्याहून हलका ट्रिगर बोट तयार झाल्याशिवाय धोक्याचा. मॅगझिनऐवजी एकेक पेलेट ठेवायचा ट्रे बसतो का, कारण मॅगझिनमधून जाताना शिशाच्या मऊ पेलेटची कडा चेपते. आणि मग एक छोटी युक्ती: कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडाशी आतून हळूच फिरवून बाहेर काढायची. कापसाचा तंतू कुठे अडकून राहिला तर तोंडाला धार राहिलीय. ती रायफल ठेवून द्या, दुसरी मागा. रिकामी आहे याची आधी खात्री, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

घरी आणल्यावर २०० बारपर्यंत भरा, गेजचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काटा हलला असेल तर गळती आहे, आठवड्याच्या आत परत न्या.

हवा भरायला हातपंप पुरतो. घाम निघतो, पण पुरतो. पावसाळ्यात मात्र पंपातून रायफलीत ओलावा जातो, म्हणून थोडा थोडा भरा, मध्ये थांबा, पंपाचा ओलावा सोडून द्या. रोजचा सराव सुरू झाला की डायव्हिंगचा सिलिंडर किंवा छोटा कॉम्प्रेसर बरा. रायफलीत फक्त हवाच. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका. आतल्या ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो.

घरात १० मीटरची जुनी मॅच रायफल असेल तर तिच्यावर रेस्टची आणि ट्रिगरची सवय जरूर करा. तिची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास आणि पेलेट सपाट तोंडाचा, त्यामुळे २५ मीटरवर वारा तिला फार लांब ढकलतो. स्पर्धेला ती पुरणार नाही.

दुर्बीण

इथे मी स्वतः पैसे घालवले. एका दुकानातून ३६ पटीची सुंदर दुर्बीण घेतली, आणि शेतावर नेल्यावर कार्ड धूसर. तिचं पॅरॅलॅक्स, म्हणजे ठरावीक अंतरावर फुली आणि लक्ष्य एकाच पातळीत बसवण्याची सोय, ५० यार्डांच्या खाली येतच नव्हतं. लांबच्या काडतूस-बेंचरेस्टसाठी बनवलेल्या अनेक दुर्बिणी अशाच असतात. तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न हाच: २५ मीटरवर, शक्यतो त्याहून जवळही, फोकस होते का? दुकानाबाहेर २५ पावलांवरची पाटी वाचून बघा. मग डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. फुली पाटीवर जागची हलली नाही तर पॅरॅलॅक्स नीट बसलंय.

पट २४ ते ४० च्या मधली. त्याहून जास्त घेतली तर एप्रिल-मेमध्ये दहा वाजल्यानंतर जमिनीवरून उठणारी उष्ण हवा चक्राला पाण्यातल्यासारखं हलवते आणि जास्तीची पट निरुपयोगी ठरते. क्लिक, म्हणजे नेम सरकवणाऱ्या फिरकीचे टप्पे, बारीक हव्यात. २५ मीटरवर पाव मिनिटाची (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक नेम १.८ मिलिमीटरने हलवते, अष्टमांश मिनिटाची ०.९ ने. या खेळात तो अर्धा फरक कामाचा आहे. वजन मात्र मोजा: ४.७६२ किलोत दुर्बीणही येते, आणि जड दुर्बिणीने काटा सहज पलीकडे जातो. किराणा दुकानाच्या काट्यावर सगळं एकत्र तोलून घ्या.

दुर्बिणीच्या नळीवर पाणसळीचा छोटा बुडबुडा लावा. २५ मीटरपर्यंत पेलेट जवळजवळ ६ सेंटिमीटर खाली येतो, त्यामुळे रायफल दोन अंश जरी तिरकी झाली तरी तो बाजूला दोन मिलिमीटर जातो. बुडबुड्याकडे बघायची सवय लागली की हा दोष कायमचा जातो.

पेलेट निवडणं

चांगल्या कंपनीचे, घुमटाकार तोंडाचे, ८.४४ ग्रेन किंवा १०.३४ ग्रेनचे पेलेट घ्या. जेएसबीचे आणि एच अँड एनचे आपल्याकडे मिळतात. प्रत्येक नळीला वेगळा पेलेट आवडतो, आणि तो मारून बघितल्याशिवाय कळत नाही. तीन-चार प्रकारांचा एकेक डबा आणा. एका प्रकाराचे आधी २० ते ३० शॉट नुसते मारा, म्हणजे नळीत त्याचं शिसं बसेल. मग वारा नसताना, म्हणजे सकाळी सात-साडेसातला, पाच-पाच शॉटचे पाच समूह. सर्वांत चांगला समूह बघून निवड करू नका. पाचांची सरासरी काढा. एखादा छान समूह कुठल्याही डब्यातून निघतो.

८.४४ ग्रेन म्हणजे ०.५४७ ग्रॅम. १६.३ ज्यूलला त्याचा वेग सुमारे २४४ मीटर प्रति सेकंद, आणि कायद्याच्या २० ज्यूलला २७०. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, हा आकडा तपासून वहीत लिहा. स्पर्धेत तपासणी होते, तेव्हा २४४ च्या अगदी कडेला राहू नका, २३८-२४० वर ठेवा.

नंतर सोनारांकडे असतो तसला डिजिटल काटा घेऊन पेलेट तोलता येतात आणि चेपलेले वेगळे काढता येतात. पहिल्या वर्षी एवढंच पुरे: पांढऱ्या कागदावर ओतून, वाकलेल्या कडांचे डोळ्याने वेचून काढायचे. तांदूळ निवडतो तसं. शिसं आहे, त्यामुळे नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहा नाही, जेवणाचा डबा नाही.

वाऱ्याच्या झेंड्या

एवढं सगळं झाल्यावर खेळ सुरू होतो तो इथे. आडवा वारा ताशी साडेतीन किलोमीटरचा, म्हणजे गालाला जेमतेम कळेल एवढा, ८.४४ ग्रेनच्या पेलेटला २५ मीटरवर सहा-सात मिलिमीटर ढकलतो. पेलेटच्या स्वतःच्या जाडीहून जास्त. म्हणून झेंड्यांशिवाय मारलेलं कार्ड तुम्हाला काहीच शिकवत नाही.

झेंड्या घरी होतात. सायकलचा स्पोक, वर फिरता बेअरिंग, त्याला पतंगाच्या कागदाचं शेपूट किंवा तुळशीबागेत मिळते ती हलकी साटीनची फीत. तीन पुरतात. एक नळीच्या पुढे पाच मीटरवर, एक मध्ये, एक कार्डाच्या अलीकडे. सगळ्या पेलेटच्या मार्गाच्या किंचित खाली, दुर्बिणीच्या दृष्टीत न येतील अशा. पहिलीकडे जास्त लक्ष द्या. तिथल्या वाऱ्याने पेलेटची दिशा बदलली तर ती चूक उरलेल्या २० मीटरभर वाढत जाते. शेवटच्या झेंडीजवळच्या वाऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही.

आणि आता सराव-चक्रं. फीत एका ठरावीक कोनात उभी असताना सराव-चक्रावर मारा, पेलेट कुठे गेला ते बघा. पुन्हा तोच कोन येईपर्यंत थांबा. आला की मोजायचा शॉट. घाई करणारा वाऱ्याच्या मागे धावतो. थांबणारा त्याच्या वेळेवर बसून राहतो. मुळशी-पौडच्या बाजूला सकाळी साडेनऊपर्यंत वारा बहुधा एकमार्गी असतो, नंतर डोंगरावरून उलटसुलट येऊ लागतो. त्या उलट वाऱ्यातही आठवड्यातून एकदा कार्ड मारा. स्पर्धा तुमच्या सोयीच्या वेळी होत नाहीत.

पहिला महिना

जागा म्हणजे रेंज, किंवा मालकाच्या परवानगीने शेत, मागे मातीचा उंच बांध असलेलं. गच्ची नाही, सोसायटीचं पार्किंग नाही. कार्डामागे लाकडी पेटी, आत दाबून भरलेली जुनी कापडं आणि सर्वांत मागे ५-६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा. डोळ्यांवर चष्मा, तुमच्याही आणि शेजारी बसलेल्याच्याही.

पहिल्या आठवड्यात एकही गुण मोजू नका. पेला, मग पुढे-मागे सरकवण्याची चाचणी, मग रिकामा ट्रिगर. दुसऱ्या आठवड्यात पेलेटची परीक्षा. तिसऱ्यापासून पूर्ण कार्ड, एका सकाळी दोनच. अंगठा दस्त्याभोवती गुंडाळू नका, तो उजव्या बाजूला मोकळा ठेवा. गाल लावायचा असेल तर दर वेळी तेवढाच लावा, नाहीतर अजिबात लावू नका. खांदा हलकेच टेकलेला. ट्रिगर सरळ मागे.

प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, पेलेटच्या डब्याचा नंबर, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, आणि झेंड्यांचा एक छोटा बाण. माझ्याकडे अशी कार्डं बुटांच्या खोक्यात वर्षांनुसार लावलेली आहेत. एखादा महिना बिघडला की मी आधी ती काढून बघतो, मग स्क्रूड्रायव्हर हातात घेतो.

आणि घरी आल्यावर सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका. शंभरेक बार राहू द्या, सील त्या दाबाने जागेवर बसून राहतात. नळीत पेलेट नाही हे ट्रे उघडून बघा, बोल्ट उघडा ठेवा, केसला कुलूप लावा, आणि पेलेटचे डबे वेगळ्या कपाटात.